मुक्ताच्या उष्टावणाचा बंदोबस्त

माणसाचे तोंड ही त्याची खाजगी मालमत्ता आहे, असा एक सार्वत्रिक गैरसमज आहे. प्रत्यक्षात तिथे कोट्यवधी जीवाणू वंशपरंपरेने राहतात. माणूस फक्त दारावर बसून घास आत सोडतो. हे मला डहाणूच्या एका दवाखान्यात, अजून दात न आलेली लेक मांडीवर असताना कळले.

माझ्या पोटात एक जंतू निघाला होता. जठरातल्या आम्लात घर बांधून राहणाऱ्याचा खरे तर सत्कार व्हायला हवा. पण डॉक्टरीणबाईंनी अँटिबायोटिकांची मोहीम लिहून दिली.

"जाईल ना तो?"

"जाईल. पण औषध घर कुणाचं ते विचारत नाही. तोंडातले बिचारे चांगले जंतूही बेघर होतात. हळूहळू परततात, सगळेच परततील असं नाही. आणि हा पोटातला कधीकधी दातांच्या किटणात लपतो, असा संशय आहे. पुन्हा तपासणी होईपर्यंत तुमचा उष्टा चमचा बाळाच्या तोंडात नको."

माझे सासरे प्रल्हादअण्णा सरकारी नोकरीत असताना अतिक्रमणे हटवत. त्यांना हा आजार डॉक्टरांपेक्षा लवकर समजला.

"अगदी नियमाप्रमाणे चाललंय," ते समाधानाने म्हणाले. "मोहिमेत कागदपत्रं असलेल्यांचीच घरं आधी पडतात. ज्याच्यासाठी मोहीम निघते, तो आदल्याच दिवशी मेव्हण्याकडे गेलेला असतो."

मोहीम यशस्वी झाली. जिभेवर पांढरी साय धरली (अण्णांच्या भाषेत मोकळा भूखंड). घोलवडचा चिकू दाराच्या कडीसारखा लागू लागला. मुक्ताचे पापे घेण्यावर निर्बंध आले. गाल आणि ओठ पहिल्याच दिवशी वगळले. तळपायाला सूट होती, पण तळपाय ती तत्काळ स्वतःच्या तोंडात घालते असे आढळल्याने तीही रद्द झाली. उरली टाळू. टाळू लहान असते.

त्यातच तिचे उष्टावण आले. आपली भाषा प्रामाणिक आहे, बाळाच्या पहिल्या अन्नाच्या सोहळ्याला ती सरळ उष्टावणच म्हणते. पहिला घास मामाने भरवायचा, म्हणून माझा भाऊ नितीन उधव्याहून येणार होता. पण खीर पोळते का, हे आधी ओठाला लावून बघायचे ते आईने. लेकीच्या पहिल्या घासात माझा एवढाच वाटा होता, आणि तोच जप्त झाला.

"आईचं उष्टं उष्टं नसतं," सासूबाई म्हणाल्या. डॉक्टरीणबाईंच्या कागदात मात्र अशी सवलत नव्हती.

मग ओठ लावणाऱ्या अधिकृत तोंडाची निवड सुरू झाली. सासूबाई मिश्री लावतात, सबब अपात्र.

"मी आहे ना! भरवतो पण मीच, चाखतो पण मीच," नितीन आल्या आल्या म्हणाला.

"तू? अरे, तुझ्याआधी तुझी ढेकर उंबरठा ओलांडते. तुझ्या पोटात कोण राहतं ते आधी तपास," मी म्हणाले.

शेवटी अण्णांवर एकमत झाले. त्यांना एकही दात नाही. दात नाही म्हणजे किटण नाही, आणि किटण नाही म्हणजे फरार इसमाला आसरा नाही. निवृत्तीनंतर प्रथमच पद मिळाल्याने अण्णा गहिवरले. कवळी हे बांधकाम वादग्रस्त ठरू नये म्हणून त्यांनी ती स्वतःहून काढली आणि हाताशी आलेल्या वाटीत ठेवली.

"अहो! ती खिरीची चांदीची वाटी!" सासूबाई किंचाळल्या.

वाटी आणि अण्णा, दोघेही एकाच वेळी पदावरून गेले.

खीर निवत चालली. मी एक थेंब मनगटावर टाकून पाहिला. (मनगटावर कोणताही आरोप नव्हता. तरी ते आधी कुणाला सुचले नाही, कारण ते सोपे होते.) पोळत नव्हती.

नितीनने स्टीलच्या वाटीतला पहिला चमचा भरवला. मुक्ताने तोंड वाकडे केले, विचार केला, गिळले. मग मामाच्या हातातला चमचा हिसकावला आणि उरलेली खीर थेट माझ्या तोंडात कोंबली.

आईने बाळाला उष्टे देण्यास मनाई होती. बाळाने आईला देण्याबाबत नियम मूक होता. पण तोच चमचा आता परत तिच्या तोंडात जाणार, म्हणून मी तो दातांत गच्च धरला. ती ओढू लागली. मी सोडेना. ती रडू लागली.

"बघ बाई, लेकीनं आईला पहिला घास दिला! गोड झालीय ना गं?" सासूबाईंनी डोळे पुसत विचारले.

खीर दाराच्या कडीसारखी लागत होती. मी चमचा न सोडता मान डोलावली.

आता इतका वेळ आमच्या घराला हसलेल्या सुज्ञ वाचकांना एकच विनंती. पान उलटण्यासाठी आपले बोट या क्षणी जिभेकडे निघाले आहे, ते जरा थांबवावे. हे पुस्तक कुणाकडून मागून आणले असेल, तर आधीच्या वाचकांनीही तेच केले आहे. आणि वाचून झाल्यावर ते उंचावर ठेवावे. मुक्ताच्या वयाचे वाचक पुस्तकाची सुरुवात कोपऱ्यापासून करतात.