गोलपोस्टातलं व्यासपीठ

दीप्ती चिंदरकर फुटबॉल चांगला खेळते, ही गोष्ट तिच्या महाविद्यालयाला बाहेरच्या माणसाकडून समजली. यात गैर काहीच नाही. आपल्या घरात गॅस गळतोय, हेही पुष्कळदा शेजारीच येऊन सांगतात.

महाविद्यालय बोरीवली पूर्वेचं. नाव मुद्दाम देत नाही, कारण ते संस्थेच्या अध्यक्षांच्या सासूबाईंचं आहे आणि त्या अद्याप हयात आहेत. दीप्ती तिथे कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाला होती आणि पहिल्या वर्षापासून महाविद्यालयाच्या संघातून डाव्या बगलेवर खेळत होती. तिच्या डाव्या पायाला उपनगरातल्या झाडून सगळ्या गोलकीपर वचकून असत. महाविद्यालयाने मात्र वार्षिक अंकात तिच्या संघाचा फोटो 'महिला खो-खो' या मथळ्याखाली छापला होता. संघाने तक्रार केल्यावर पुढच्या अंकात चूक सुधारण्यात आली आणि मथळा 'महिला कबड्डी' असा करण्यात आला.

तिचे वडील बाळा चिंदरकर लिफ्टदुरुस्तीचं काम करत. मूळचे मालवणकडचे. फुटबॉलातलं त्यांना एवढंच कळे की, आपली पोर पळते तेव्हा बाकीच्या मागे राहतात. पण तेवढं बघायला ते रजा टाकून येत.

तर बाहेरचा माणूस म्हणजे केतन गवाणकर. अंधेरीच्या एका व्यावसायिक क्लबासाठी खेळाडू हुडकणं हे त्याचं काम. घाटकोपरच्या एका टर्फवर तो भाच्याच्या वाढदिवसाला गेला होता. शेजारच्या जाळीत कुठल्याशा बँकेच्या साहेबलोकांचा सामना चालला होता, त्यांना एक गडी कमी पडला म्हणून त्यांनी ओळखीतून दीप्तीला बोलावलं होतं. केतनने केक हातात धरून ते बघितलं आणि केक तसाच हातात राहिला. तिचं नाव आणि कॉलेज विचारून घेऊन दुसऱ्या दिवशी त्याने महाविद्यालयाला फोन केला.

"मला ती मुलगी पूर्ण मैदानावर खेळताना बघायचीय. एखादा साधा सामना लावा. मी येईन, कोपऱ्यात उभा राहीन, बघेन आणि जाईन. पसंत पडली तर थेट क्लबात घेऊ."

फोन घेतला होता प्राध्यापक राजेश हुद्दार यांनी. हुद्दार सर ऑडिटिंग शिकवत, आणि क्रीडाविभागाचा अतिरिक्त कार्यभार त्यांच्याकडे होता. क्रीडासंचालकाचं पद रिक्त होतं, आणि ते रिक्त ठेवण्याचं काम सर मन लावून करत. त्यांनी हा निरोप प्राचार्या डॉ. अनुपमा भडकमकर यांच्या कानावर घातला, तेव्हा मॅडमना फुटबॉल, दीप्ती, क्लब यांतलं काही खटकलं नाही. एकच शब्द खटकला.

"कोपऱ्यात? हुद्दार, आपल्या संस्थेत पाहुणा कधी कोपऱ्यात उभा राहिलाय?"

झालं. त्याच दुपारी स्वागत समिती स्थापन झाली.

पाहुणा आला म्हणजे सत्कार आला, सत्कार आला म्हणजे व्यासपीठ आलं, आणि व्यासपीठामागे फलक हवा. फलक बांधायला दोन भक्कम खांब हवेत. हुद्दार सर मैदानाला एक फेरी मारून आले आणि म्हणाले, "देव पावला. खांब तयार आहेत. वर आडवी दांडीसुद्धा आहे."

दीप्तीला ही बातमी तिची मैत्रीण रुचिरा हिने दिली. रुचिरा संघाची गोलकीपर होती, त्यामुळे तिच्या दृष्टीने ही जागेच्या जप्तीची कारवाई होती. दोघी तडक सरांकडे गेल्या.

"सर, गोलपोस्टात स्टेज बांधताय?"

"फक्त एकात. दुसरा तुमच्यासाठी राखीव ठेवलाय."

"पण सर, मग समोरची टीम गोल कुठे मारणार?"

सरांनी चष्मा काढून तिच्याकडे माया दाटून आल्यासारखं बघितलं. "दीप्ती, पाहुणे तुला बघायला येणार आहेत. समोरच्यांनी गोल मारावा याची तुला एवढी काळजी का गं?"

याचं उत्तर समोरच्या संघालाच सापडलं. आपल्याला गोल करण्याची सोय नाही असं कळताच कांदिवलीच्या त्या महाविद्यालयाने नम्रपणे नकार कळवला. मग सामना आपापसांतच घ्यायचं ठरलं. पाहुण्यांच्या मागोमाग निमंत्रित आले, निमंत्रितांसाठी खुर्च्या आल्या. अर्धं मैदान खुर्च्यांखाली गेलं. खुर्च्या अर्थातच व्यासपीठाकडे तोंड करून मांडल्या, कारण व्यासपीठाकडे पाठ करणं शिष्टाचारात बसत नाही. त्यामुळे सामना प्रेक्षकांच्या पाठीमागे होणार होता. उरलेल्या जागेत अकरा-अकरा मुली मावेनात, म्हणून पाच-पाच करण्यात आल्या.

इथवर दीप्तीने चालवून घेतलं. पाच तर पाच, एक गोल तर एक गोल. पायाखाली चेंडू आला की बाकीचं आपण बघून घेऊ, असा तिचा हिशेब होता. पण संघाची यादी मॅडमच्या सहीला गेली आणि तिथे घोडं पेंड खाऊ लागलं. दीप्तीची वर्गातली हजेरी कमी भरली होती. हजेरी कमी असलेल्या विद्यार्थ्याला कोणत्याही उपक्रमात भाग घेता येत नाही.

"मॅडम, मी कॉलेजच्याच मॅचेसना गेले होते ना," दीप्ती म्हणाली. "हुद्दार सरांचं पत्र आहे माझ्याकडे, मी ग्राउंडवर होते म्हणून."

मॅडमनी पत्र वाचलं. "म्हणजे वर्गात नव्हतीस, हे तू स्वतःच लेखी देत्येस."

"पण मॅडम, ते सर येतायत ते मला बघायला!"

"मग बघू देत की. तुला कोण लपवून ठेवतंय?" मॅडम मनाने वाईट नव्हत्या; नियमात राहून मुलीचं भलं करावं असंच त्यांना वाटत होतं. त्यांनी क्षणभर डोळे मिटले आणि मार्ग काढला. "तुला स्वागतपथकात घालते. नऊवारी, नथ, हातात आरतीचं ताट. अगं, मैदानावर तू त्यांना पन्नास फुटांवरून दिसली असतीस. ओवाळताना दीड फुटावरून दिसशील."

तिच्या जागी संघात अध्यक्षांची पुतणी आली. तिची हजेरी पूर्ण होती, कारण ती वर्ग सोडून कधी कुठे धावली नव्हती.

"यार, तुझी तर वाट लागली," रुचिरा म्हणाली. तिची स्वतःचीही फारशी वेगळी अवस्था नव्हती. गोलकीपरचे हात मोकळेच असतात, या कारणास्तव तिला लेझीमपथकात घेतलं होतं.

शनिवारी सकाळी बाळा चिंदरकर अर्ध्या दिवसाची रजा काढून मैदानावर आले. लेकीला शोधत तिच्या समोरून दोनदा गेले. तिसऱ्यांदा नथीखालची हनुवटी ओळखीची वाटली तेव्हा थबकले.

"ह्या काय गो बाय? तुका खेळूक बोलावल्यानी काय हळदीकुंकवाक?"

"बाबा, प्लीज. आत्ता काही विचारू नका." दीप्तीने ताटातलं विझलेलं निरांजन पुन्हा पेटवायला घेतलं.

केतन गवाणकर मोटरसायकलवरून, ट्रॅकपँट घालून आला. मैदानाच्या कोपऱ्याकडे जायला निघाला, पण त्याला अर्ध्या वाटेतच गाठण्यात आलं. लेझीम वाजली, तुतारी वाजली, व्यासपीठावरच्या खुर्चीत बसवून डोक्याला फेटा बांधण्यात आला. दीप्ती ताट घेऊन पुढे झाली. कुंकू लावायला तिने हात उचलला तेव्हा तो तिच्याकडे न बघता, तिच्या खांद्यावरून मैदान शोधत होता.

"अगं, यांतली दीप्ती चिंदरकर कोण?"

"मीच, सर."

त्याने नजर तिच्याकडे वळवली. नथ बघितली, ताट बघितलं, आणि नऊवारीखालचे अनवाणी पाय बघितले. "मग तिकडे तुझ्या जागी कोण उतरलंय?"

"अध्यक्षांची पुतणी."

केतन उठायला लागला. पण त्याच क्षणी मागून हुद्दार सरांनी त्याच्या खांद्यांवर शाल पांघरली आणि प्रेमाने दाबून त्याला पुन्हा खुर्चीत बसवलं. पाठोपाठ नारळ मांडीवर आला. मांडीवर नारळ असलेला माणूस सहसा उठत नाही.

भाषणं झाली. उपनगरातल्या दुर्लक्षित खेळाडूंकडे समाजाने लक्ष द्यावं, असं प्रत्येक वक्ता कळवळून म्हणाला. अध्यक्षांनी तर डोळे पुसले. वडिलांनी बळेबळे बांधकाम व्यवसायात ढकललं नसतं तर आपणही आज मोठे फुटबॉलपटू असतो, आणि या मैदानावर इमारत उभी करायचं आपण आजवर टाळत आलो आहोत ते केवळ या प्रेमापोटीच, असं त्यांनी सांगितलं. टाळ्या झाल्या. मग ते उद्घाटनाचा चेंडू मारायला व्यासपीठावरून खाली उतरले.

साहेबांनी लाथ मारली. चेंडू तिरका घरंगळत स्वागतपथकापर्यंत आला आणि दीप्तीच्या पायाशी थांबला.

त्याच वेळी बाजूच्या शिडीवर चढलेला फोटोग्राफर ओरडला, "सगळ्यांनी इकडे! माझ्याकडे बघा! साहेब, स्माइल!"

सगळ्यांनी तिकडे बघितलं. व्यासपीठाने बघितलं, खुर्च्यांनी बघितलं. केतनने मान वळवायचा प्रयत्न केला, पण फेट्याचा शेमला हुद्दार सरांच्या मुठीत होता. फोटोत तो सरळ यावा म्हणून त्यांनी तो धरून ठेवला होता. दीप्तीने ताट बाजूच्या मुलीच्या हातात दिलं. काष्टा जरा वर खोचला. मागे दोन पावलं गेली, आणि गेले आठ दिवस गिळलेलं सगळं डाव्या पायात आणून तिने चेंडू मारला. व्यासपीठाच्या कडेपासून निघालेला तो चेंडू सगळ्या निमंत्रितांच्या डोक्यांवरून गेला, अध्यक्षांच्या पुतणीवरून गेला, हवेत वळला आणि पलीकडच्या गोलात दांडीखालून आत शिरला.

बघितलं कोणी? बाळा चिंदरकरांनी बघितलं. रुचिराने बघितलं, आणि सवयीने तिचे दोन्ही हात वर गेले, लेझीम खाली पडली. बाकी कोणी नाही. समितीचा नाश्ता गार होत होता, म्हणून सामना वेळेअभावी रद्द झाल्याचं जाहीर करण्यात आलं आणि कार्यक्रम यशस्वी झाला.

केतन शाल, नारळ आणि स्मृतिचिन्ह सांभाळत पार्किंगमध्ये आला, तर बाळा त्याच्या मोटरसायकलला टेकून उभे.

"साहेब, माझा चेडू बघूक इल्लात मां? मगे बघा की," लेकीकडे बोट दाखवत ते म्हणाले.

"आता? इथे?"

"मैदान काय, ते खुर्च्या उचलतील तेव्हा मोकळं होईल," बाळा म्हणाले. "हिला दोन गाड्यांमधली जागा पुरते."

रुचिराने चेंडू आणला होता. मॅडमची गाडी आणि हुद्दार सरांची स्कूटर यांच्यामध्ये ती गोल राखायला उभी राहिली. केतनने नारळ मोटरसायकलच्या टाकीवर ठेवला आणि स्वतःच दीप्तीला अडवायला उतरला. डांबर तापलं होतं, दीप्तीचे तळवे पोळत होते, नथ ओठांवर आपटत होती. पण चेंडू पायाला लागला आणि सकाळपासून छातीत बसलेला दगड कुठल्या कुठे गेला. पहिल्यांदा तिने केतनला डावीकडून चकवलं. दुसऱ्यांदा उजवीकडून. तिसऱ्यांदा चेंडू त्याच्या दोन पायांमधून काढला, तेव्हा तो वळता वळता खाली बसला आणि फेटा सुटून गळ्यात आला. तो हसत सुटला. उठायचंही त्याला भान राहिलं नाही.

तेवढ्यात शिट्टी वाजली. वॉचमन सहदेव धावत येत होता. "ओ! पार्किंगमध्ये खेळायला मनाई आहे!"

त्या दिवशीच्या क्रीडासोहळ्यात वाजलेली ही एकमेव शिट्टी.

"सोमवारी अंधेरीला ये," केतन धूळ झटकत दीप्तीला म्हणाला. "बूट घालून ये. तरी मला वाटतं, नऊवारीत तू जास्त डेंजर आहेस."

दीप्ती क्लबात निवडली गेली. महाविद्यालयाच्या फाटकावर मोठा फलक लागला: 'आम्ही घडवलेली फुटबॉलपटू'. त्यात अध्यक्ष, प्राचार्या आणि हुद्दार सर यांची छायाचित्रं ठळक होती, आणि खालच्या कोपऱ्यात दीप्ती आरतीच्या ताटासह होती. सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर तिचा फोटो फिरला. 'आपल्या बोरीवलीची पोरगी, झकास!' असं हजारो लोकांनी लिहिलं. त्यांतल्या निम्म्यांना ती लहानपणापासून माहीत होती, आणि उरलेल्यांनी तिच्यातला गुण तेव्हाच ओळखला होता.

तिचा पहिला सामना रविवारी संध्याकाळी अंधेरीला झाला. प्रवेश मोफत. महाविद्यालयाने सामन्याला जाण्यासाठी समिती नेमली होती. बसमध्ये पुढच्या सीटवर कोणी बसायचं यावर समितीची बैठक लांबली आणि बस निघालीच नाही. स्टँडमध्ये बाळा होते, दीप्तीची आई होती, रुचिरा होती, आणि इथे कोणी येत नाही अशी खात्रीची माहिती मिळाल्याने आलेलं एक प्रेमी जोडपं होतं.

दीप्तीने त्या दिवशी गोल केला. कसा केला ते इथे रंगवून सांगता आलं असतं, पण सांगणार नाही. तुम्हीही त्या संध्याकाळी मोकळेच होतात. सोफ्यावर पडून, सात समुद्रांपलीकडच्या कुठल्याशा खेळाडूच्या गुडघ्याची सूज उतरली की नाही यावर मेव्हण्याशी हमरीतुमरीवर आला होतात, आणि मधल्या ब्रेकमध्ये 'आपल्या देशात टॅलेंटची कदर नाही' असं म्हणाला होतात. पुढचा सामना येत्या रविवारी आहे, तोही फुकट. जमणार नाही, ठाऊक आहे. निदान ही गोष्ट चार जणांना पाठवा. तेवढं केलं की आपलं काम झालं.