जॉयस्टिकच्या बटणांबाबत खुलासा

दूधविनायकातल्या आमच्या महाराष्ट्र स्नेहवर्धक समाजाने एका होतकरू मुलीचे नुकसान केले, असे सध्या गंगेकाठी बालाजी घाटापासून पंचगंगा घाटापर्यंत बोलले जात आहे. समाजाचा कार्यवाह आणि बँकेतून निवृत्त झालेला जबाबदार अधिकारी या नात्याने मी, श्रीनिवास, त्याचा खुलासा करणे कर्तव्य समजतो. जे घडले ते सर्व नियमाला धरून घडले.

तरुण मंडळी समाजाकडे फिरकत नाहीत, ही आमची जुनी तक्रार. ती दूर व्हावी म्हणून एका परदेशस्थ आजीव सभासदाने लढाऊ विमान उडवण्याच्या खेळाचा संच भेट पाठवला: एक संगणक आणि चौदा बटणांची जॉयस्टिक. संच आला आणि दुसऱ्याच दिवशी ईशानी आली. हिचे वडील, प्रसन्न, घाटावर तर्पण सांगतात. मुलगी बी.एस्सी.ला आहे आणि तिला वैमानिक व्हायचे आहे. विद्यापीठात तीन आठवड्यांनी याच खेळाची स्पर्धा होती आणि पहिल्या तिघांना वैमानिक प्रशिक्षणाची पूर्ण शिष्यवृत्ती मिळणार होती. प्रसन्नच्या दक्षिणेत विमानाचे चाकही येत नाही, त्यामुळे तिच्यासाठी दार हे एकच होते. स्पर्धेला जॉयस्टिक मात्र ज्याची त्याने आणायची होती.

"काका, जॉयस्टिक मला द्या ना," ती म्हणाली. "बटनं मी आपल्या हिशोबाने लावून घेईन. आधा घंटा लगेगा."

"बटणं लावायची म्हणजे?"

"म्हणजे कोणतं बटन दाबलं की काय होईल, ते आधी ठरवावं लागतं."

काही ठरवायचे आहे हे कळल्यावर मी अर्थातच कार्यकारिणीची बैठक बोलावली. समाजाच्या वस्तूबाबत एका मुलीने परस्पर ठरवावे आणि अकरा वडीलधाऱ्यांनी बघत बसावे, हे कुठल्याच घटनेत बसत नाही.

पहिल्या बैठकीत अध्यक्ष ढुंढिराजशास्त्री यांनी जॉयस्टिक हातात घेऊन पाहिली. गोळी झाडण्याचा घोडा तर्जनीखाली येतो, हे लक्षात येताच त्यांनी ती खाली ठेवली.

"तर्जनी जपाला वर्ज्य. माळेलासुद्धा लावत नाहीत. तिनं शस्त्र सोडायचं? छे! दर्भाचं पवित्रक अनामिकेत घालतात. गोळी अनामिकेनं सुटेल."

"पण गुरुजी, अनामिका तिथपर्यंत पोचत नाही," ईशानी म्हणाली. "आणि सामनेवाला थांबणार आहे का?"

"कोण सामनेवाला?"

"शत्रूचं विमान."

"त्याला कोणी शिकवलं नसेल. तुला आम्ही आहोत."

ठराव एकमताने संमत झाला. घोडा रिकामा राहिला आणि गोळी बुडाजवळच्या एका आडबाजूच्या बटणावर गेली.

दुसऱ्या बैठकीत मी क्षेपणास्त्राचा मुद्दा मांडला. पस्तीस वर्षे मी तिजोरीची एकच किल्ली सांभाळली, दुसरी नेहमी दुसऱ्याकडे असे. एका अंगठ्याने क्षेपणास्त्र सुटणे मला पटेना. एक बटण धरून ठेवले तरच दुसरे चालावे, अशी सोय त्या प्रणालीत निघाली, तेव्हा मला फार आनंद झाला. अध्यक्षांचे एक, कोषाध्यक्षांचे एक आणि कार्यवाहाचे एक अशी तीन बटणे एकदम दाबल्याशिवाय क्षेपणास्त्र सुटणार नाही, असे ठरले. "काका, माझे हात दोनच आहेत," असे ईशानी म्हणाल्याची नोंद इतिवृत्तात आहे.

याच बैठकीत खुर्चीसकट विमानाबाहेर पडण्याचे एक बटण निदर्शनास आले. पदावर असताना खुर्ची सोडण्याची तरतूद आमच्याकडे नाही. ते चर्चेविना रद्द झाले.

तिसऱ्या बैठकीत कोषाध्यक्ष शरदिनीबाई, निवृत्त मुख्याध्यापिका, यांनी पडद्यावर एक शब्द वाचला.

"हे डेड झोन काय आहे गं?"

"ताई, हात जरा थरथरला, काठी थोडी हलली, तर विमानाने लक्ष द्यायचं नाही. तेवढी जागा सोडतात. पाच टक्के बहुत हैं."

कितीही हलवले तरी काही होऊ नये असा एक टापू असतो, ही कल्पना कार्यकारिणीला समजावून सांगावी लागली नाही. इतक्या वर्षांत तांत्रिक विषयाचे एवढे आकलन मी पाहिले नव्हते. प्रत्येकाने आपले आठ टक्के सुचवले. कोणाचे मन मोडायचे नाही म्हणून सर्वांचे धरले. अकरा जणांचे अठ्ठ्याऐंशी आणि मूळचे पाच मिळून त्र्याण्णव झाले.

ईशानी रडली. तिच्या वडिलांनी येऊन हात जोडले. म्हणून आम्ही सहानुभूतीने विचार करून स्पर्धेच्या आदल्या दिवशी जॉयस्टिक तिला दिली. परस्पर बदल होऊ नयेत यासाठी जॉयस्टिकमधल्या सेटिंगलाच पासवर्ड घातला आणि तो लाखबंद पाकिटात ठेवला. एवढी काळजी आजकाल कोण घेतो?

स्पर्धेच्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. मागे मुलांचा गलका होता.

"काका, दहाच मिनटं आहेत. पासवर्ड बोला, प्लीज."

"बेटा, पाकीट कपाटात आहे. दुसरी किल्ली शरदिनीबाईंकडे, आणि बाई गंगेवर गेल्यात. शिवाय पाकीट फोडायचं तर सात दिवस आधी सूचना काढावी लागते."

"पण काका, पासवर्ड तुम्हीच टाइप केला होता. मी तिथेच उभी होते. तुम्हाला माहीत आहे."

"माहीत असणं वेगळं आणि अधिकृतपणे माहीत असणं वेगळं."

ती "ठीक है, काका," म्हणाली आणि फोन ठेवला. मला वाईट वाटले. मनापासून वाईट वाटले, पण ते इतिवृत्तात घेण्याची पद्धत नाही.

तिचे विमान एकोणीस सेकंद अगदी सरळ उडाले. शत्रू मागून आला. तिने काठी पार टोकाला नेली, तेव्हा विमान जेमतेम वळू लागले. क्षेपणास्त्राच्या तिसऱ्या बटणाला तिने हनुवटी लावून पाहिली, असे प्रत्यक्षदर्शी सांगतात. तेवढ्यात विमान पडले. तिचा क्रमांक शेवटून पहिला.

समाजाने तातडीने चौकशी समिती नेमली. मी, शास्त्रीजी आणि शरदिनीबाई असे तिघेच, म्हणजे काम लवकर व्हावे. चौदाही बटणे मंजूर ठरावांबरहुकूम चालत असल्याचे आढळले. सबब अपघाताचे कारण "वैमानिकाची चूक" असे नोंदवण्यात आले. ईशानीने आता बी.एड.चा फॉर्म भरला आहे. सुरक्षित लाइन आहे, असे मीच तिला सांगितले. ती मान हलवते, पण माझ्याकडे बघत नाही.

अहवाल सर्व संबंधितांना पाठवला आहे. ज्याने तो वाचला आणि वाचून संपेपर्यंत हरकत घेतली नाही, त्याची संमती गृहीत धरून त्याचे नाव सह्यांमध्ये घालण्यात येते. आपण आत्ता जे वाचत आहात तो तोच अहवाल आहे. आपण मध्ये दोन-तीनदा हसलात, पण थांबवले कुठेच नाही. आपले नाव मी लिहून घेतले आहे.