वलवणचा समुद्र

आमच्या शेजारचे सुधाकरकाका रोज सकाळी दोन टूथब्रश घेऊन बसतात. एक दातांसाठी, दुसरा दगडांसाठी. एकदा अदलाबदल झाली. मी विचारलं, "काका, चव कशी होती?" तर म्हणाले, "खारट. म्हणजे पाणी बरोबर आहे!"

दगड म्हणजे काकांच्या समुद्रातले, आणि समुद्र म्हणजे बाहेरच्या खोलीतली काचेची मोठी टाकी. काका रेल्वेत सिग्नल खात्यात होते. निवृत्त झाल्यावर लोक बाग करतात, भजनाला जातात. यांनी लोणावळ्याच्या वलवणात, घाटमाथ्यावर, समुद्र आणला. मुंबईची माणसं समुद्र सोडून आमच्याकडे हवा खायला येतात आणि हे गृहस्थ पिशव्यांतून खास मीठ मागवून, गाळलेल्या पाण्यात ढवळून, मोजूनमापून समुद्र तयार करतात. त्यात नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले दोन मासे. नावं अप आणि डाऊन. यातला अप कुठला असं विचारलंत, तर उत्तर ठरलेलं, "कुठल्या दिशेला चाललाय ते बघा की!"

हा समुद्र म्हणजे काकांचा जीव. आणि त्या जिवाला घोर लावलाय शेवाळाने. आता लोणावळ्यात शेवाळ कुठे नाही, सांगा? कुंपणावर, पायरीवर, कौलांवर. पावसाळ्यात माणूस फार वेळ एका जागी उभा राहिला, तर त्याच्यावरही चढेल. त्याचं काकांना काही नाही. पण टाकीतल्या दगडावर एक हिरवा केस दिसू दे, लगेच बाह्या वर.

"कारणाशिवाय सिग्नल लाल होत नाही, बाई!" हे त्यांचं पालुपद. कारण शोधत एकदा माझ्याकडेही आले. "तुम्ही शाळेत शिकवता. शेवाळ कशाने माजतं?"

"काका, मी भूगोल शिकवते."

"मग? समुद्र भूगोलातच येतो ना?"

घ्या! झक मारत चार ठिकाणी वाचलं आणि सांगितलं की उजेड कमी करून बघा. दुसऱ्या दिवशी टाकीवर गोधडी आणि खोलीत मेगाब्लॉक. दिवा लावायचा नाही, पडदा सरकवायचा नाही. आलेल्या पाहुण्यांनी चाचपडत चहा प्यायला. मग शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी आल्या. त्या काकांच्या गँगमन. त्यातली एक काचेला चिकटून स्वस्थ बसली, तर काका तिच्यावर खेकसले, "ड्यूटीवर आहेस ना?"

शेवाळ मात्र हटेना. शेवटी पिंपरीहून माशांचा दुकानदार आला. त्याने पाणी तपासलं आणि मान हलवली. "काका, खाणं जास्त पडतंय. उरलेलं कुजतं आणि त्यावर शेवाळ पोसतं. असंच चाललं तर मासे हाताला लागायचे नाहीत."

"मी चिमूटभरच घालतो."

"मग दुसरं कोणीतरी घालतंय."

काका गोरेमोरे झाले. "चहा घ्या," म्हणाले आणि पावसाचं बोलायला लागले. उभा जन्म बिघाड शोधण्यात घालवलेला माणूस, आणि पुढे एक प्रश्न विचारत नाही? मला तेव्हाच खटकलं.

त्याच आठवड्यात दुपारी मी सुमनकाकूंना अळूवड्या घेऊन गेले. सुमनकाकू म्हणजे काकांची बायको, परंदवडीच्या शेतकऱ्याची लेक. गेल्या पावसाळ्यात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. तेव्हापासून वॉकर धरून घरातल्या घरात. टाकीशेजारी खुर्ची, पुढ्यात ताट. मी दारात पोचले आणि बघते तर काय, काकूंनी वरणभाताचा घास केला आणि सोडला टाकीत!

"खा रं लेकरांनो. तुमी खाल्ल्याबिगर माझ्या घशाखाली उतरायचं न्हाई."

वरणभात! समुद्रात! तोही तूप घालून! मी ओरडणारच होते, तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून काकांचा हात वर झाला. लाल सिग्नल. त्यांनी मला मागच्या दाराबाहेरच्या ओट्यावर नेलं.

"बाई, एक शब्द बोलू नका. मला माहीत आहे."

"माहीत आहे? आणि तरी रोज ब्रश घासत बसता?"

"अहो, गाईला आणि कावळ्याला घास घातल्याशिवाय ही कधी जेवलीच नाही. हाड मोडलं, अंगण सुटलं. ताट आलं की बाजूला सारायची. डॉक्टर म्हणाले, अन्न गेलं नाही तर ही उभी राहायची नाही. मी फार घाबरलो हो. मग एक दिवस हिने माशांना घास टाकला, आणि ताट पुढे ओढलं."

"मग माशांचंच खाणं त्यांच्या हातून घाला की!"

"करून पाहिलं. म्हणाली, डबीतलं कसलं घालू? घास आपल्या ताटातला आसतो."

"मासे खातात तरी का वरणभात?"

"छे! थुंकून टाकतात. ही झोपली की मी नळीने शितं ओढून काढतो. तरी राहतंच थोडं, आणि शेवाळ त्यावरच पोसतंय हे दुकानदार बोलला तेव्हा कळलं. आता ते दोघं किती दिवस तग धरतात, बघायचं."

मला हसू येईना आणि रडूही आवरेना. अंधारात चहा पाजला म्हणून मी या माणसाची गावभर टिंगल केली होती. आणि हा जिवापाड जपलेला समुद्र बायकोच्या दोन घासांवरून ओवाळून टाकायला बसला होता.

आतून काकूंची हाक आली. "अवं, अर्धी भाकर द्या आणिक. आज भूक लय लागलीया."

काका असे उठले की चप्पल एकीकडे, काका दुसरीकडे. धावत जाऊन भाकरी आणली, ताटात वाढली. काकूंनी तिचा तुकडा मोडला आणि हात तसाच थांबवला.

"ह्येंला घालू का थोडी?"

काकांनी टाकीकडे पाहिलं. सकाळीच घासलेल्या दगडावर हिरवं पुन्हा दिसायला लागलं होतं.

"घाल की," ते म्हणाले. "पण बारीक कुस्करून घाल. लहान तोंडं आहेत त्यांची."