सिस्टरबाईंची जामीनकी

आमच्या शेजारच्या सिस्टरबाई कुणालाही कर्जासाठी जामीन राहण्याआधी त्याचा फ्रिज उघडून बघतात. सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झाल्या, लग्न केलं नाही, पेन्शन चालू. म्हणजे जामीनदार शोधणाऱ्यांना आयतंच घबाड सापडलं. अकोल्यातली आमची अख्खी कॉलनी त्यांना सिस्टर म्हणते. पण सही मिळणं सोपं नाही. "सही माही पाह्यजे ना? मंग घर दाखव," म्हणत त्या थेट स्वयंपाकघरात शिरतात. कॉलनीतले दोघं फ्रिजपाशीच गळाले. एकाचा फ्रिज तर गच्च भरलेला होता, तरी नाही म्हणाल्या. किराणा उधारीचा दिसून राहिला, म्हणे.

मूर्तिजापूरचा प्रवीण म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाचा मुलगा. भाऊ-भावजय दोघंही गेलेले. त्यानं मालवाहू टेम्पोसाठी कर्ज काढायचं ठरवलं, तेव्हा तर बाईंनी कहरच केला. ताकानं भरलेलं पातेलं मांडीवर घेऊन, चालवून बघायला आणलेल्या टेम्पोत बसल्या. गतिरोधकावर ताक सांडलं तर सही नाही! प्रवीण घामाघूम, पण ताक सांडलं नाही. मग त्याच्या बायकोला बाजूला घेऊन विचारलं, कर्ज किती, हप्ता किती, तुला ठाऊक आहे का? तिनं बरोबर सांगितलं, तेव्हा कुठे बाईंनी पेन उघडलं.

मी तेव्हाच बजावलं होतं, की त्यानं नाही भरलं तर बँक तुमच्या दारात येईल, आत्या-भाचा काही बघणार नाही. यावर त्या माझ्यावरच उखडल्या. मले काय समजत नाही काय, सारं वाचूनच सही केली, म्हणाल्या. पुढे दर हप्त्याच्या तारखेला मूर्तिजापूरला जायच्या, टेम्पो धावतोय ना म्हणून टायरला हात लावून बघायच्या आणि जेवून परत यायच्या.

मग प्रवीणचं मालवाहतुकीचं काम तुटलं. हप्ते थकले. बँकेनं बाईंना नोटीस धाडली आणि गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवलेली त्यांची ठेव अडकवून ठेवली. प्रवीणनं तर फोन उचलणंच बंद केलं. माझं डोकंच फिरलं. जगाचे फ्रिज तपासणारी बाई, आणि बुडवलं कुणी, तर घरच्याच माणसानं! चला, बसा गाडीत, बघतोच त्याला, असं म्हणून मी त्यांना घेऊन निघालो. वाटभर मी काय काय सुनवायचं याची उजळणी करत होतो. त्या गुडघा चोळत होत्या.

प्रवीण अंगणातच भेटला. टेम्पो धूळ खात उभा. आम्हाला पाहून त्यानं मान खाली घातली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाईंनी मला हातानं थांबवलं.

"बँकेत जाऊन आली मी," त्या त्याला म्हणाल्या. "हप्ता लहान करून देतात. अर्धा तू भर, अर्धा मी भरीन. गुडघ्याचं पाहू मंग."

एवढं बोलून त्यांनी टेम्पोच्या टायरला हात लावला.

"पण फोन काहून नाही उचलला रे? दिवाळीपासून मले कोणी आत्या म्हणलं नाही."

प्रवीणला रडू आवरेना. त्यानं त्यांचा हात धरला, "ये आत्या, हळू" म्हणाला, आणि एकेक पायरी चढवत त्यांना घरात नेलं. मी गाडीपाशीच उभा राहिलो.