वासुदेवभाऊंची दहा डॉलरची नोट

वासुदेवभाऊंना नुसतं "कसं काय?" विचारलं, तरी ते खिशातून भिंग काढतात. ऊर्जानगरातली जुनी माणसं त्यांना लांबूनच रामराम करतात. मी मात्र त्यांचा शेजारी. पळून जाणार कुठे?

भाऊ पॉवर स्टेशनात फिटर होते. मशीन बसवायला आलेल्या एका अमेरिकन साहेबानं जाताना आठवण म्हणून त्यांना आपल्या देशातली जुनीपुराणी दहा डॉलरची नोट दिली आणि आमचं सुख संपलं. तिकडे पूर्वी गावोगावच्या बँका स्वतःच्या नावाच्या नोटा काढत, हे मी आता झोपेतही सांगू शकतो. नोटेवर बँकेचं नाव, गावाचं नाव, खाली तिथल्या कॅशियरची सही. "आकडा नोको पाहू, गाव पाहा," भाऊ बजावतात. मोठ्या शहराच्या नोटा ढिगानं मिळतात. बारक्या गावाच्या दोन-चारच उरतात, म्हणून त्यांना भाव. मग घड्या किती, कोपरे शाबूत आहेत का, सही पुसट झाली का. हे त्यांनी मला मार्कंड्याच्या जत्रेत दर्शनाच्या रांगेत सांगितलं, माझी दाढ ठणकत असताना सांगितलं, आणि माझ्या मुलीच्या साखरपुड्यात व्याह्यांना कोपऱ्यात घेऊन सांगितलं. व्याही अजून मला विचारतात, ते गृहस्थ लग्नालाही येणार का?

शेवटी वैतागून मीच म्हटलं, चला नागपूरला, जाणकाराला दाखवू, विकू आणि मोकळे होऊ. गाडी माझी, पेट्रोल माझं.

जाणकारानं नोट उजेडात धरली, बँकेचा नंबर पुस्तकात ताडून पाहिला. नोट अस्सल निघाली. ते गाव पुढे धरणाच्या पाण्यात गेलं, त्याच्या बँकेच्या नोटा फार थोड्या उरल्यात, असं तो म्हणाला. त्यानं भाव सांगितला तेव्हा मी खुर्ची घट्ट धरली. भाऊंनी नोट हळूच पाकिटात ठेवली.

"विकाची नाई," एवढंच म्हणाले.

परतताना वरोऱ्यापर्यंत मी त्यांना पेट्रोलचा हिशोब ऐकवत राहिलो. भद्रावतीच्या पुढे कोळशाच्या खाणीजवळ त्यांनी गाडी थांबवायला लावली. मी चिडूनच उतरलो. मातीच्या ढिगाऱ्यांपलीकडे काळा खड्डा होता, आणि त्यात मुंग्यांएवढे डंपर.

"तो डंपर वळून राह्यला ना, तिथी आमचं घर होतं," भाऊ म्हणाले. "अख्खं गाव खाणीत गेलं. पैसे भेटले, नोकरी भेटली, खोटं काऊन बोलू? पण गावाचं नाव लिवलेली एक पाटी नाई उरली. त्या बुडालेल्या गावाचं नाव या नोटेवर तरी हाय. मी कसा विकू?"

मग त्या पोकळीकडे बोट दाखवत ते एकेक घर सांगू लागले. हे कोतवालाचं, त्याच्या बाजूला तेल्याचं, मग तळ्यात मासे धरणाऱ्या रामजीचं. मधेच भानावर येऊन म्हणाले, "चाला, वहिनी वाट पाहून राह्यल्या असन."

"पाहू द्या," मी म्हटलं. "रामजीच्या पुढचं घर कोणाचं?"