मिटमिट्यापर्यंतचा मॉर्निंग वॉक

डॉक्टरांनी माझं ब्लडप्रेशर मोजलं आणि म्हणाले, "रोज चाला. झोप लागेल, डोकं शांत राहील."

"चिडचिड पण कमी होईल का हो?" आमच्या हिनं, म्हणजे दीपमालानं विचारलं. डॉक्टर 'हो' म्हणाले आणि माझं भवितव्य तिथंच ठरलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मला नंदनवन कॉलनीच्या रस्त्यावर सोडण्यात आलं. (पाकीट आणि मोबाईल काढून घेऊन. वाटेत भजी खाईन, हा तिचा संशय. रास्त होता.) फाटकातच शेजारचे करीमभाई भेटले. वय सत्तरीचं, चाल पंचविशीतली.

"चलो भाई, साथ में चलते. दिल कू अच्छा रहता."

मी मनाशी ठरवलं, हे मागं फिरले की आपणही फिरायचं. त्याआधी नाही! पडेगाव आलं, करीमभाई फिरेनात. पडेगाव गेलं. माझं डोकं खरंच शांत झालं होतं, कारण त्यातलं सगळं रक्त पायांत उतरलं होतं. शेवटी पार पुढच्या गावात, मिटमिट्यात, एका घरापुढं ते थांबले.

"ये मेरी बेटी का घर. मैं तो नाश्ते कू आया. तुम किधर कू निकले?"

"मी? मी आता इथून पळत परत जाणार!"

आणि वळणापर्यंत खरंच पळालो. वळणापलीकडं गुडघ्यांनी संप पुकारला. मी रस्त्याकडेला बसकण मारली.

तेवढ्यात झूल घातलेली, तुरा लावलेली एक पांढरी घोडी डुलत आली. लगाम धरणारा घोडीवाला अबुजर शहरातल्या छावणी भागात एका लग्नाला निघाला होता.

"काय चाचा, चक्कर आली का?"

"पाय गेले रे बाबा. घर नंदनवन कॉलनीत."

"मग बसा की वर. वाटंतच हाय. फकस्त गप बसा, लई लाजाळू हाय ती."

मी गप्पच बसलो होतो. पण आमच्या गल्लीत घंटागाडी उभी होती, भोंग्यावर स्वच्छतेचं गाणं लावून. गाणं कानावर पडताच घोडीला वाटलं, वरात सुरू झाली. ती मागच्या पायांवर ठुमकायला लागली! मी तिच्या मानेला मिठी मारली आणि देवाचं नाव घेतलं. ओल्या-सुक्या कचऱ्याच्या बादल्या घेऊन उभ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. समोरच्या गीताबाईंनी मोबाईल काढला.

आमची बादली घेऊन दीपमाला सगळ्यांत पुढं.

"कुणाच्या घरी चाललीय वरात?" तिनं शांतपणे विचारलं.

"अगं, मिटमिट्याहून येतोय! इतकं चाललो की..."

पुढचं न ऐकताच ती आत गेली. मला वाटलं, पाणी आणतेय. मायाच ती शेवटी! आणलंही. बादलीभर पाणी आणि गुळाचा मोठा खडा. मी हात पुढं केला, तशी ती म्हणाली,

"व्हा बाजूला. चालून ती आलीय."