सावडीचे गमबूट

"आता बघाच तुमी! मी झोपलेला असणार आणि पैसे येत असणार!"

कडावमधल्या आपल्या घराच्या ओटीवर उभं राहून जितेशने हे जाहीर केलं, तेव्हा जानेवारी महिना होता आणि राजीनामा देऊन त्याला जेमतेम दोन तास झाले होते. राजीनामा दिल्यावर पहिले दोन तास माणूस असाच बोलतो. खालापूरच्या बाजूच्या एका कंपनीत तो नऊ वर्षं पॅकिंगला होता.

त्याचे वडील भिवाजी कोयत्याला धार लावत बसले होते. मान वर न करता ते म्हणाले, "झोपायचं तुला पयल्यापासून जमतं. पैशाचं काय ते सांग."

जितेशने सांगितलं. इंटरनेटवर वेबसाईट काढायची. पसारा नाही करायचा, एकच वस्तू धरायची. तिच्यात कुठली चांगली, कुठली वाईट, ते लिहायचं. खाली लिंक द्यायची. वाचणाऱ्याने त्या लिंकवरून ती घेतली की आपल्याला कमिशन. एकदा लिहिलं की झालं, मग जन्मभर बसून खा!

"म्हणजे दलाली," भिवाजी म्हणाले.

"बाबा, अ‍ॅफिलिएट मार्केटिंग म्हणतात त्याला."

"तेच ते. कर्जतात जागेचे एजंट कमी पडले व्हते वाटतं!"

त्याची पाच वर्षांची निशिगंधा मात्र टक लावून ऐकत होती. "पप्पा, तुम्ही झोपल्यावर पैसे येणार?"

"हो तर! पप्पा झोपले की पैसे येणार. म्हणून पप्पांना उठवायचं नाही."

आता खरं सांगायचं तर हा सगळा खटाटोप त्या पोरीसाठी होता. कंपनीची बस पहाटे पकडायची, ओव्हरटाईम करून परत यायचं. जाताना पोर झोपलेली, येताना पोर झोपलेली. दिवाळीत एकदा त्याने तिला कडेवर घेतलं तर ती आईकडे बघून रडायला लागली. ते रडणं जितेशच्या काळजात रुतून बसलं होतं. त्याला घरी राहायचं होतं. पैशाचा पाऊस वगैरे बोलण्यापुरतं हो, घरी राहता येण्याइतपत शिंतोडे आले असते तरी त्याला चाललं असतं.

"सहा म्हयने," भिवाजींनी कोयत्याची धार अंगठ्याने चाचपली. "सहा म्हयन्यांत जमलं तर घरी ऱ्हा. नाय जमलं तर गुमान कंपनीत परत जायाचं."

जितेश कबूल झाला. त्याने विषय निवडला गमबूट.

गमबूटच का? तर मराठीत गमबुटांवर कोणी लिहिलेलं नव्हतं. का लिहिलेलं नव्हतं, हा विचार त्याने करायला हवा होता, पण मैदान मोकळं दिसलं की माणूस धावतच सुटतो. बघता बघता त्याने चाळीस लेख लिहिले. बागेसाठी गमबूट, गोठ्यासाठी गमबूट, आणि सगळ्यांत झकास लेख म्हणजे 'भातलावणीसाठी दहा उत्तम गमबूट: आम्ही स्वतः वापरून पाहिले!'

त्याची बायको सुप्रिया कर्जतला दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला होती. तिने संध्याकाळी तो लेख वाचला आणि मोबाईल खाली ठेवला.

"अहो, हे 'आम्ही' म्हणजे कोण?"

"कोण म्हणजे? लिहायची पद्धत असते ती."

"तुम्ही दहा गमबूट वापरलेत?"

"दहा जणांनी वापरलेले मी वाचलेत. एकच झालं!"

"एक कसं होईल?" एवढंच म्हणून ती भाकऱ्या थापायला गेली. बायकोने भांडण अर्ध्यावर सोडलं की समजावं, ती जिंकली आहे.

भिवाजी मात्र अर्ध्यावर सोडणारे नव्हते. "बैलबाजारात दलाल असतो नं, तो पन बैलाचे दात मोजतो, दोन पावलं चालवून बघतो, मंग बोलतो. तू बुटात पाय तरी घातलास का रं?"

"बाबा, हा बैलबाजार नाय!"

"त्येच म्हणतो मी. तिथं काय तरी खरं असतं."

कमिशन देणाऱ्या ऑनलाईन दुकानाचा एक नियम होता. सहा महिन्यांत निदान तीन गिऱ्हाइकं तुमच्या लिंकवरून आली पाहिजेत, नाहीतर खातं बंद. आणि जुलै उजाडला तरी जितेशची गिऱ्हाइकं होती दोन! उरले होते नऊ दिवस. जितेशचं जेवणावरचं लक्ष उडालं. ताटावर बसायचा आणि भाताची शितं मोजत राहायचा.

"काय झालंय रं तुला?" त्याची आई चंद्राबाई शेवटी म्हणाली. "काविळीवानी तोंड झालंय."

जितेशने सगळं सांगितलं. चंद्राबाईंनी तोंडाला पदर लावला. जितेशला वाटलं आई रडतेय. ती हसत होती.

"तीन मानसं? आरं येड्या, तीन मानसांसाठी सुकलास व्हय? लावणीला आमी तीस गोळा करतो!"

"आई, ते येगळं—"

"जेव तू."

इथे एक सांगितलं पाहिजे. कडावकडे लावणीला अजून सावड चालते. आज तू माझ्या शेतात, उद्या मी तुझ्या. मजुरी नाही, हिशोबाची वही नाही, सगळं तोंडी, आणि तरी कोणी कोणाचा दिवस बुडवत नाही. चंद्राबाईंनी गेली चाळीस वर्षं गावात कोणाच्याच शेतात जायचं टाळलं नव्हतं. त्यांचे दिवस गावभर पेरलेले होते. ते त्यांनी उगवून घ्यायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी जितेश शेवटचा प्रयत्न म्हणून पळसदरीला गेला. तिथे ऋषिकेश नावाच्या एका ओळखीच्या माणसाचं फार्महाऊस होतं, शनिवार-रविवारी पाहुणे यायचे. त्यांच्यासाठी गमबूट घ्या, म्हणून जितेशने अर्धा तास त्याचं डोकं खाल्लं. ऋषिकेश "बघू हं, बघू" म्हणत चहा ओतत होता, तेवढ्यात जितेशचा मोबाईल टुण्ण वाजला.

तिसरं गिऱ्हाईक!

जितेशने बशी खाली ठेवली. टुण्ण! चौथं. टुण्ण, टुण्ण! चहा निवेपर्यंत आकडा चोवीसवर गेला. तो खुर्चीवरून असा उठला, की ऋषिकेशला वाटलं घरून वाईट बातमी आली.

"लेख चालला!" जितेश ओरडला. "ऋषिकेश, लेख चालला! राहू द्या तुमचे बूट!"

येताना त्याने कर्जतला पेढे घेतले. घरी पोचला तर ओटीवर चपलांचा खच. आत शेजारचे नागूकाका, सोनुबाई, सत्तरी गाठलेली धोंडूआजी, मिळून बावीस माणसं चहा पीत बसलेली. मध्यभागी त्याचा चुलतभाऊ मनोज एकेकाचा मोबाईल हातात घेऊन घामाघूम झालेला.

"झाली रं तुझी सावड!" नागूकाकांनी कप उंचावला. "बावीस जोड! तीनचं काय घेऊन बसलास?"

जितेशच्या हातातला पेढ्यांचा पुडा जड झाला. "पत्ता काय दिलात?"

"हाच की," मनोज म्हणाला. "येकाच ठिकाणी उतरले म्हंजे बरं. तुमच्याच वायफायवर केलं, पटापट झालं. बुटाचा नंबर कुनालाच म्हायती नव्हता, मग सगळ्यांना सातच टाकला."

आता नियमांमध्ये खाली, इंग्रजीत, बारीक अक्षरांत लिहिलं होतं की घरच्यांनी आणि नात्यातल्यांनी केलेली खरेदी धरली जाणार नाही. ते जितेशने जानेवारीतच वाचलं होतं. तो बोलला का? नाही बोलला. बावीस माणसं त्याच्यासाठी आली होती आणि निशिगंधा पेढा खात विचारत होती, "पप्पा, आले पैसे?" अशा वेळी बारीक अक्षरं कोण वाचून दाखवतं! त्याने पेढे वाटले आणि मनाशी म्हणाला, दुकानाला काय कळतंय.

पाच दिवसांनी एक टेंपो दारात उभा राहिला. डिलिव्हरीवाल्याने बावीस खोकी उतरवली, लोकांनी आपापले पैसे दिले, आणि जाताना तो भिवाजींना म्हणाला, "बाबा, चप्पल-बुटाचं दुकान टाकताय का?" भिवाजींनी जितेशकडे जे पाहिलं, त्यात सगळं आलं.

दुसऱ्या दिवशी भिवाजींच्याच शेतात लावणी होती. आणि सावडीची माणसं आली ती सगळी गमबूट घालून! घरचा मान म्हणून. नऊ नंबरच्या पायाचे नागूकाका सात नंबरच्या बुटांत लंगडत आले. धोंडूआजीने लुगड्याचा काष्टा मारून खाली काळे चकचकीत बूट चढवले होते.

"आजी, काढा ते," जितेश घाबरून म्हणाला. "चिखल लई हाय."

"काढू कशाला? मनोजने वाचून दावलं मला. चिखलात पाय कोरडे ऱ्हातात म्हनं. तू सोता वापरून बघितलेस नं?"

जितेश तिचा हात धरायला पुढे झाला.

धोंडूआजी बांधावरून खाली उतरली. मागून एकवीस जण उतरले. गुडघाभर चिखल, त्यात पहिलं पाऊल गेलं, बूट काठोकाठ भरले, आणि दुसरं पाऊल कोणाला उचलताच येईना! सोनुबाईंनी जोर लावला तर पाय तेवढा वर आला, बूट खालीच. नागूकाकांचा पायही वर येईना, बूटही येईना. ते तिथेच उभं राहून हात फिरवत ओरडू लागले, "आरं, मला उपटा रं कोनी तरी!" बायकांची हसून मुरकुंडी वळली. घटकाभराने सगळे अनवाणी झाले आणि शेतात बुटांच्या रांगा तेवढ्या उभ्या राहिल्या, ओळीत लावल्यासारख्या.

एवढ्यात धोंडूआजीचा तोल गेला आणि ती बदकन चिखलात बसली. जितेश धावला. दोन्ही हातांनी तिला उठवलं. लागलं नव्हतं, पण म्हातारी धापा टाकत होती. तिने त्याच्याकडे पाहिलं, रागाने नाही, नवलाने.

"तू वापरून बघितले म्हनाला व्हतास नं रं?"

जितेशला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पळसदरीपासून खालापूरपर्यंतच्या कोणी त्याला शिव्या घातल्या असत्या तरी एवढी लाज वाटली नसती. "नाय आजी," तो म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "एक बी बूट नाय वापरला. खोटं लिवलं मी."

सोनुबाई म्हणाल्या, "मंग आता उतरलाच हायस तर रोपाची मूठ घे हातात. कंबर मोडल्याबिगर लावणी व्हत नाय." आणि माणसं कामाला लागली.

दुपारी, चिखलाच्या हातांनी भाकरी खाताना, मोबाईल टुण्ण वाजला. खातं बंद. सगळी खरेदी एकाच पत्त्यावरची, सबब अमान्य. चिखलातले बूट परत जाण्यातले नव्हतेच. जितेश सगळ्यांना म्हणाला, "तुमचे पैसे मी कंपनीत जाऊन फेडीन."

"गप!" भिवाजी पहिल्यांदाच तापले. "सावडीत पैसा कवापासून आला? बावीस मानसं तुझ्या कामाला आली. आता तू बावीस जनांच्या कामाला जायाचं. तोवर कंपनी नाय, वेबसाईट नाय."

जितेश गेला. कोणाची लावणी केली, जिथे ती आटपली होती तिथे बांध घातले, नागूकाकांचा गोठा शाकारला. निशिगंधा रोज त्याच्याबरोबर बांधावर येऊन बसायची आणि "पप्पा, ही ओळ वाकडी!" म्हणून साहेबगिरी करायची. घरी येऊन जितेश आठ वाजता जो पडायचा, तो सकाळपर्यंत मेलेला. सहा महिन्यांत त्याला अशी झोप आली नव्हती.

पण एका रात्री, लिहिलेलं खोटं निस्तरायला म्हणून, झोपण्याआधी त्याने एकदाच वेबसाईट उघडली. चाळीसच्या चाळीस लेख पुसले आणि एकच लिहिला: 'भातलावणीत गमबूट घालू नका.' सोबत शेतात उभ्या असलेल्या बुटांचा फोटो. धोंडूआजी कशी पडली, आपण काय खोटं लिहिलं होतं, सगळं लिहिलं. लिंक दिली नाही, द्यायला खातं कुठे होतं!

तो लेख मात्र सुटला. रत्नागिरीपासून भंडाऱ्यापर्यंत, जिथे म्हणून भात लावतात तिथे फिरला. तीन दिवसांत अकरा हजार लोकांनी वाचला. माणसं लिहायची, "दादा, घेणार होतो, वाचलो. आभार." जितेशने ते भिवाजींना वाचून दाखवलं. त्यांनी हातातला कोयता बाजूला ठेवला.

"म्हंजे अकरा हजारांनी तुझं ऐकलं."

"हो."

"आनि कोनीच बूट घेतला नाय."

"नाय."

"चांगलं लिवलंयस," भिवाजी म्हणाले. एवढं कौतुक त्यांनी जितेशचं दहावीलाही केलं नव्हतं.

बाविसावा दिवस संपला त्याच संध्याकाळी कंपनीतून फोन आला. जुने सुपरवायझर किशोर होते. "जितेश, तुमचा लेख वाचला. आम्हाला धुलाई विभागासाठी पन्नास जोड गमबूट घ्यायचेत. कुठले घेऊ?"

पन्नास जोड! सुप्रिया, चंद्राबाई, भिवाजी सगळे श्वास रोखून जितेशकडे बघत होते. खातं चालू असतं तर एका फोनमध्ये दिवाळी!

"साहेब, मी धुलाईत कधी घातले नाहीत. महिनाभर घालून बघावे लागतील, मग सांगतो."

पलीकडे किशोर हसले. "मग येता का? एक जागा आहे. फक्त रात्रपाळीची आहे."

सोमवारपासून जितेश रात्रपाळीला जाऊ लागला. सकाळी येतो, लेकीला शाळेत सोडतो आणि आडवा होतो. दुपारी ती परत आली की दाराशी पाट टाकून बसते, कोणी आलं तर आधी तीच भेटते. परवा नागूकाका लंगडतच "हाय का रं जितेश?" अशी हाक मारत ओटीवर चढले, तर तिने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला, आजोबा! पप्पा झोपलेत. पैसे येतायत."